मागच्या सीटचा वास

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. ह्या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी न चुकता वाचतो आणि वाचून झालं की चष्मा काढून गप्प बसतो. आमची ही, म्हणजे शालन, एकदा म्हणालीसुद्धा, "एवढी आवड आहे तर तुम्हीपण लिहा की काहीतरी." मी म्हटलं, "माझ्याकडे काय आहे लिहिण्यासारखं?" खोटं बोललो.

आधी एक सांगतो. भूत, करणी, नजर... ह्यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर पंप ऑपरेटर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पंप आवाज करायला लागला तर बेअरिंग गेलेलं असतं, प्रेशर पडलं तर कुठेतरी गळती असते. शोधलं की सापडतंच, हे मला पोटापाण्याने शिकवलेलं. त्यामुळे पुढे लिहितो ते वाचून कुणी मला अंधश्रद्धाळू म्हटलं तर वाईट वाटणार नाही. दुसरं काहीतरी म्हणाल, ते मात्र खरं असेल.

आम्ही बदलापूर पूर्वेला, कुळगावात राहतो. तीन मजली सोसायटी, मागच्या बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये जेमतेम दोन चारचाकी मावायच्या. एक माझी पांढरी, दुसरी सोनवण्यांची निळी. दोन्ही जुन्या, छोट्या, कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाड्या. 

प्रल्हाद सोनवणे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या मिसेस, सुमनवहिनी, किडनीच्या आजारी. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला डायलिसिस. ती निळी गाडी त्यांनी केवळ त्यासाठी ठेवली होती. वहिनी नेहमी मागे, डाव्या बाजूला बसायच्या. खिडकीला उशी लावून, अर्ध्या आडव्या.

आता भांडणाचं कारण. त्या उन्हाळ्यात पाण्याची मारामार होती. मी तळमजल्यावर. सोसायटीच्या टाकीकडे येणाऱ्या लाइनला मी एक छोटी मोटर जोडली होती. पाणी आलं की आधी माझे ड्रम भरायचे, मग उरलेलं टाकीत. बदलापुरात असे उद्योग करणारा मी एकटा नव्हतो, पण पकडला गेलो मी. सोनवण्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "ज्या माणसाने जन्मभर लोकांना पाणी पोचवलं, त्यानेच आपल्या तोंडचं पाणी ओढलं. भोईर, आजच्या आज मोटर काढा."

सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने तर टाळी वाजवली. दुसऱ्या दिवसापासून पोरं मला 'मोटरकाका' म्हणायला लागली. दूधवाला खालून ओरडायचा, "मोटरकाकांचं एक लिटर!"

चूक माझी होती, पण मला राग आला तो सोनवण्यांचा. खरं लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहितो. दुसरा कुणी हे बोलला असता तर मला इतकं लागलं नसतं. आम्ही भोईर मूळचे जांभूळचे. ह्या बिल्डिंगा उभ्या आहेत तिथे आमच्या नातेवाइकांची भातशेती होती. सोनवणे बौद्ध, बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेले. 'हा कोण मला शिकवणारा?' असं माझ्या मनात आलं. तो 'हा कोण' कुठून आला ते मला तेव्हाही कळत होतं. कळून मी तो तसाच जपला.

मोटर काढली आणि त्याच आठवड्यात ठरवलं, ह्याला सगळ्यांसमोर असाच खाली मान घालायला लावायचा.

माझ्याकडे शिवणयंत्राला तेल घालायची लांब चोचीची कुप्पी होती. त्यात पेट्रोल भरायचं. दुपारी जेवणं उरकून सोसायटी आडवी झाली की शेडमध्ये जायचं, माझ्या गाडीचं काहीतरी पुसल्यासारखं करायचं, आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या काचेचं रबर सैल झालं होतं, त्याच्या फटीतून कुप्पीची चोच आत घालायची. थोडंसंच. खाली कार्पेटवर. पेट्रोल उडून जातं, डागसुद्धा राहत नाही. वास तेवढा राहतो.

डाव्याच बाजूला का? माझी गाडी त्या बाजूला उभी असायची, आडोसा मिळायचा. एवढंच कारण होतं असं मी स्वतःला सांगत आलोय.

सोनवणे बिचारे हैराण झाले. बॉनेट उघडून पाइप बदलले. टाकीच्या झाकणाचं वायसर बदललं. कुणीतरी सांगितलं म्हणून प्रत्येक जॉइंटवर टाल्कम पावडर फासली. गळती असेल तिथे पावडर ओली होते. कुठेच ओली झाली नाही. घामाने बनियन भिजलेलं, हातात टॉर्च, गाडीखाली आडवे पडलेले सोनवणे... मी गॅलरीत चहा पीत ते बघायचो. इतका गोड चहा मी पुन्हा कधी प्यायलो नाही. असं लिहिताना आज हात जड होतो, पण तेव्हा तसं वाटायचं.

एक दिवस वहिनी स्वतः शेडमध्ये आल्या. डायलिसिसला निघाल्या होत्या. चेहरा सुजलेला, पदर नाकाला.

"भावजी, जरा बघता का? ह्यांना काही सापडेना. तुम्ही यंत्रांतली माणसं."

मी वाकून आत डोकं घातलं. माझ्याच हाताचा वास मी घेतला. 

"टाकी सडलीय, वहिनी," मी म्हटलं. "काढून टाका ही गाडी. भडका उडेल एखाद्या दिवशी."

"मला तर बाई आता घरातसुद्धा तोच वास येतो. जेवण जात नाही." मग उगाच हसल्या. "शालनला सांगा, परवाची आंबोळी पोटात राहिली बरं का. तेवढीच राहिली."

मी 'बरं' म्हटलं. आणि दोन दिवसांनी पुन्हा कुप्पी भरली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उठलो. "वर सोळा घरांचे सिलिंडर, खाली ही पेट्रोल गळणारी गाडी. उद्या आग लागली तर जबाबदार कोण? सेक्रेटरीसाहेबांनी नियम सगळ्यांना सारखा लावावा." सोनवणे उभे राहिले, काहीतरी बोलायला गेले आणि बसले. मान खाली. मला हवं होतं ते अगदी तसं, शब्दशः मिळालं. त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं, गाडी शेडमधून काढली आणि त्याच आठवड्यात विकली.

त्यानंतर वहिनी रिक्षाने उल्हासनगरला जायच्या. ज्यांनी त्या वर्षीचा तो खड्ड्यांचा रस्ता पाहिलाय त्यांना सांगायला नको. परत आल्या की सोनवणे आणि रिक्षावाला दोघं मिळून त्यांना जिन्यावरून वर न्यायचे. पावसाळा संपता संपता वहिनी गेल्या. आजार होताच, त्या जाणारच होत्या असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. सर्वांपेक्षा मोठ्याने.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्धांच्या शोकसभेला, आम्ही दोघं विहारात गेलो. वंदना झाली, लोक बोलले. शालन खूप रडली. वहिनींचा तिच्यावर जीव होता. तिथून आम्ही परस्पर जांभूळला माझ्या भावाकडे जायला निघालो. तिला पाय लांब करायचे होते म्हणून ती मागे बसली. स्टेशनचा रस्ता ओलांडला नसेल तर म्हणाली, "अहो, पेट्रोल सांडलंय का कुठे?"

मी गाडी बाजूला घेतली. मागचं दार उघडलं. वास... सांडल्यासारखा नाही, नुकताच टाकल्यासारखा. डाव्या बाजूला.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? 'सोनवण्याला कळलंय. तो सूड घेतोय.' बायकोला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत अशा माणसावर मी संशय घेतला, कारण मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. गाडीच्या चारही काचांची रबरं नवी बसवली. कव्हर घातलं, कव्हरला कुलूप लावलं. दुपारी झोपायचं सोडून पडद्याआडून शेडवर नजर ठेवली. सोनवणे खाली फिरकतसुद्धा नव्हते. वास तसाच. शेवटी गाडी जांभूळला भावाच्या बंद गोठ्यात नेऊन ठेवली, किल्ली माझ्या कनवटीला. आठवड्याने दार उघडलं तर भाऊ मागे सरकला. "दादा, पंपावर आल्यागत वाटतंय रे."

मग मात्र मी ती उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये घनूभाईच्या गॅरेजला नेली. घनूभाई सिंधी, माझ्याच वयाचा, गाड्या खोलण्यात आयुष्य गेलेलं. तोंड सतत चालू.

"भोईरशेठ, दो घंटे का काम. चाय पिओ, बैठो."

दोन तासांचे दोन आठवडे झाले. पाइप, क्लिपा, पंप, कार्ब्युरेटरचं पॅकिंग, मागच्या सीटखालचा पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट... सगळं नवं. सोनवण्यांनी मारली होती तशीच पावडर त्यानेही मारली. कोरडीठाक. मी स्टुलावर बसून बघत होतो, आणि गॅलरीतला तो चहा मला आठवत होता. शेवटी चिडून त्याने टाकीच उतरवली. गाडीबाहेर, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. सीट, कार्पेट, सगळं धुऊन उन्हात वाळवलं. गाडी नुसता पत्र्याचा डबा राहिली. चार दिवस दारं उघडी.

पाचव्या दिवशी त्याने सीट परत बसवल्या, दारं लावली, आम्ही शेजारच्या टपरीवर चहा प्यायलो आणि परत आलो. घनूभाईने मागचं डावं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि पटकन बाहेर काढलं.

"शेठ... टंकी तो उधर पड़ी है."

"मग?"

"मग काय? वास इधर आहे." त्याने दार हळूच लावलं. आत कुणी झोपलंय अशा बेताने. "ये साइड कौन बैठता था?"

"माझ्या गाडीत? कुणीच नाही," मी म्हटलं. ते खरंही होतं.

"ले जाओ, शेठ. मेहनत का कुछ मत दो. बस ले जाओ." त्या दिवशी पहिल्यांदा तो माणूस गप्प झालेला मी पाहिला.

टाकी डिकीत टाकून गाडी ओढत आणली. शेडमध्ये लावत होतो तर मागे सोनवणे उभे. केस एकदम पांढरे झालेले. हातात तीच टॉर्च.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "बघू का? मला आता सगळ्या जागा पाठ आहेत."

नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ते गुडघे टेकून बसले, खालून बघितलं, मग मागचं डावं दार उघडून आत वाकले. टॉर्च विझवली. बराच वेळ तसेच वाकलेले. मला वाटलं, रडतायत. बाहेर आले तेव्हा डोळे कोरडे होते.

"हाच तो," ते म्हणाले. "तंतोतंत."

मी गाडीच्या कव्हरची घडी घालायला लागलो.

"आमची गाडी विकली ना, त्या माणसाचा आठवड्याने फोन आला. म्हणाला, काका, तुम्ही वासाचं सांगितलंत म्हणून किंमत पाडून घेतली, पण गाडीत वास कुठाय? मला तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय." सोनवणे माझ्याकडे बघत राहिले. "इथून हलली आणि वास गेला. गंमत आहे की नाही?"

हीच वेळ होती. त्यांनी ताट वाढून पुढे ठेवलं होतं, मी फक्त बोलायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर, "चहा घेणार?"

सोनवण्यांनी गुडघ्यांची माती झटकली. "चहा नको. शोधा, भोईर. मी चार महिने शोधत होतो. आता तुम्ही शोधा." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. शांतपणे जिना चढून गेले.

मी गाडी भंगारात घातली. भंगारवाला क्रेन घेऊन आला. त्याचा माणूस मागचं डावं दार उघडून आत वाकला, तोही म्हणाला, "टाकी भरलेली आहे काय?" मला वाटलं, गेली ती, सुटलो.

नाही सुटलो. गेल्या वर्षी पुण्याहून मुलगा नवी गाडी घेऊन आला. इलेक्ट्रिक. कौतुकाने आम्हाला अंबरनाथच्या शिवमंदिराला घेऊन निघाला. शालन पुढे बसली, मी आणि सूनबाई मागे. मी डावीकडे. सोसायटीचं फाटक ओलांडलं असेल-नसेल, सूनबाईने काच खाली केली. "ई, पेट्रोलचा वास कुठून येतोय?" मुलगा हसला, "अगं, ह्या गाडीत पेट्रोल असतं का? बाहेरचा असेल." तिने काच वर केली. पुन्हा खाली केली. मग ओढणी नाकाला लावून बसली, पार देवळापर्यंत. शालनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिने कधीच काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही. पण देवळात हात जोडताना ती माझ्या शेजारी उभी राहिली नाही.

त्याच आठवड्यात मी सोनवण्यांकडे गेलो. ते फ्लॅट विकून अंबरनाथला मुलीकडे राहायला गेले होते. वाटेत रिक्षात मी वाक्यं घोकत होतो. मुलीने दार उघडलं, ओळखलं, "या काका" म्हणाली. वहिनींचा फोटो भिंतीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी. सोनवणे खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. मुलगी पाणी आणायला आत गेली तसा मी सुरू झालो, "सोनवणे, मला तुम्हाला एक..."

त्यांनी हात वर केला.

"नको."

"एकदा ऐकून तर घ्या."

"मला काय ऐकायचंय? मला त्या फोनच्या दिवशीच कळलं होतं. सुमनला सांगितलं नाही. तुमच्या मिसेसवर तिचा जीव होता, तेवढं तरी तिचं राहू दे म्हटलं." श्वास लागला म्हणून थांबले. "आता तुम्ही बोलणार, रडणार, आणि मोकळे होऊन घरी जाणार. मग ते सगळं घेऊन मी काय करू? नाही. तुम्ही मोकळं व्हायचं नाही, भोईर. मी ऐकणार नाही."

मुलगी पाणी घेऊन आली. सोनवणे तिला म्हणाले, "काकांना उशीर होतोय." मी पाणी प्यायलो, पेला खाली ठेवला आणि उठलो. त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा मुलीने दारातूनच सांगितलं, बाबा झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

ह्या उन्हाळ्यात सोनवणे गेले.

वास अजून येतो. रोज नाही. कुणाच्याही गाडीत मागे डावीकडे बसलो की येतो, आणि मला एकट्याला नाही, शेजारच्यालाही. नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नाक ठीक आहे सांगितलं. टाकी नसलेल्या गाडीत पेट्रोलचा वास कसा येतो, हे घनूभाईला कळलं नाही, मला कळलं नाही, कुणाला कळत असेल तर जरूर लिहावं. वहिनींचं नाव मी त्याला जोडत नाही. त्यांच्या स्वभावात सूड नव्हता. तो माझ्या आणि नंतर सोनवण्यांच्या वाट्याचा.

मी रिक्षात घोकली होती ती वाक्यं अशी होती: सोनवणे, तुमच्या गाडीत काहीही बिघाड नव्हता. पेट्रोल मी टाकत होतो. वहिनी कुठे बसतात ते मला माहीत होतं. त्या मला भावजी म्हणाल्या, त्यानंतरही मी टाकलं. मला माफ करा असं म्हणायला मी आलेलो नाही, फक्त एवढं सांगायला आलोय, की... ह्याच्या पुढचं वाक्य रिक्षा थांबेपर्यंत मला जुळलं नव्हतं.